बाबाच्या बाजूचा ब्रेक

३ फेब्रुवारी

बाबा,

पत्राची सुरुवात कशी करायची ते शाळेत शिकवलं होतं, पण ते मुख्याध्यापकांकडे रजा मागण्यासाठी. रुसून बसलेल्या बापाला काय लिहायचं ते कुठल्याच इयत्तेत नव्हतं. फोन केला की तू "आईला देतो" म्हणतोस आणि खरंच आईला देतोस. म्हटलं, आता लिहूनच बघू.

मी पोचले, बरी आहे, वेळेवर जेवते. यातलं काहीही तू विचारलं नाहीस तरी सांगितलं. जनावरांच्या दवाखान्याच्या वरची खोली मिळालीय. खाली आजारी कुत्री, वर मी. खिडकीची काच तडकलीय, तिला कुणीतरी चिकटपट्टी लावून ठेवलीय. गॅसची शेगडी पेटवली की भपकन जाळ होतो आणि मी दर वेळी दचकते. हे वाचून लगेच आईला "तिला म्हणावं शेगडी बदलून घे" असं सांगू नकोस. मी बदलणार नाही. हात सांभाळून पेटवायला शिकणार आहे.

काम म्हणजे पिंजरे धुवायचे, मलमपट्टी चालू असताना कुत्र्याचं तोंड धरायचं आणि मांजरांचे ओरखडे खायचे. इथल्या डॉक्टरीणबाई मोजकं बोलतात. पहिल्या दिवशीच म्हणाल्या, "गाडी येते ना? आजारी जनावरं घरी जाऊन आणावी लागतात." मी हो म्हणाले. "लायसन्स?" मी नाही म्हणाले. "एप्रिलअखेर काढ. नाहीतर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल." म्हणजे लायसन्स नाही तर काम नाही, काम नाही तर खोली नाही, आणि खोली नाही तर मी पुन्हा तुझ्या दारात. तुला बहुतेक आनंदच होईल.

ड्रायव्हिंग स्कूलवाल्याची मुलगी परीक्षेत दोनदा नापास होते, म्हणजे गावाला चार दिवस हसायची सोय. दोन्ही वेळा कारण तेच, ब्रेक उशिरा. मला काही उलगडाच होत नव्हता. तुझ्या शेजारी बसून वर्षभर चालवली, तेव्हा एकदाही उशीर झाला नाही. तू म्हणायचास, "ठकू, हात छान बसलाय तुझा." आणि शेजारी परीक्षक बसला की गाडी आपली पुढे जातच राहायची. तुझं उत्तर तयार असायचं. "अजून तयार नाहीस. वर्षभर थांबू." सहलीला पुढच्या वर्षी, बाहेरगावी शिकायला पुढच्या वर्षी, गाडीलाही पुढच्या वर्षी.

म्हणून त्या दिवशी मी ती पावडर लावली. शिकवायच्या गाडीत तुझ्या पायाखाली जो दुसरा ब्रेक आहे ना, अडीअडचणीला दाबायचा, त्यावर. आंघोळीनंतर लावतो तीच साधी पावडर, बोटाने नीट चोळून. मग तासभर गाडी चालवली. मधूनमधून विचारत होते, "दाबलास?" तू दर वेळी म्हणालास, "शप्पथ नाही गं, तुझी तूच चालवतेयस." घरी येऊन तू दारात बूट काढलेस. मी उजवा उचलून उलटा केला. काळा तळवा पुढून अख्खा पांढरा झाला होता.

"खोटारडा" म्हणाले मी तुला. आई समोर होती. पुढच्या तासाला गाडी शिकायला आलेले पोस्टातले काका दारातच उभे होते, ते बिचारे छताकडे बघायला लागले. तू बराच वेळ त्या बुटाकडे बघत राहिलास आणि मग म्हणालास, "दाबला असेल. बाप आहे मी तुझा. मरेपर्यंत दाबीन."

त्या आठवड्यातच मी बॅग भरली. अजून काही विसरलं असेल तर आई पाठवेल.

ठकू


२४ फेब्रुवारी

बाबा,

आई म्हणाली की चष्मा सापडत नाही असं सांगून तू माझं पत्र तिच्याकडून वाचून घेतलंस, आणि चष्मा सगळा वेळ डोक्यावर होता. दोनदा वाचून घेतलंस म्हणे. दुसऱ्यांदा कशासाठी?

मी इथल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलंय. तुझ्या धंद्याशी गद्दारी, मान्य. शिकवायला एक साठीच्या बाई आहेत, त्यांना मी मास्तरीणबाई म्हणते. गाडीत बसल्या बसल्या केळं सोलून खातात. पहिल्याच दिवशी एका वळणावर मी नेहमीसारखी ब्रेकवर पाय ठेवला आणि गाडी थांबायची वाट बघत राहिले. ती कुठली थांबतेय! कचऱ्याच्या मोठ्या डब्यावर जाऊन धडकलो.

मी रडवेली होऊन म्हणाले, "तुमच्या बाजूला ब्रेक नाही का?"

"आहे की."

"मग दाबला का नाहीत?"

"डबाच होता ना? माणूस असतं तर दाबला असता." आणि उरलेलं केळं तोंडात टाकलं.

मग आम्ही दोघींनी खाली उतरून सांडलेला कचरा भरला. बंपरला पोचा आला होता. त्या म्हणाल्या, बंपर त्यासाठीच असतो. बाबा, तुला सांगते, हाताला कुजकी सालं लागली होती आणि मला इतका आनंद झाला होता की बस. ब्रेक किती आधी आणि किती जोरात दाबायचा असतो, ते माझ्या पायाला पहिल्यांदा कळलं. वर्षभर मी जे दाबत होते ते नुसतंच दाबणं होतं.

माझ्या मैत्रिणींचे वडील त्यांच्यावर ओरडायचे, फोन काढून घ्यायचे, एकीला तर खोलीत कोंडलं होतं. तू कधी आवाजसुद्धा चढवला नाहीस. मैत्रिणी म्हणायच्या, "तुझा बाबा मला दे." मग मी तक्रार तरी कशाची करायची? मी चांगली मोठी होईपर्यंत तू माझा चहा फुंकून द्यायचास आणि मी घोट घ्यायच्या आधी स्वतः चव घेऊन बघायचास. मला चहा गरम लागतो की नाही हेच मला माहीत नव्हतं. इथे पहिल्या दिवशी जीभ पोळली. आता कळलं, मला चांगला कढतच आवडतो.

चित्रकलेच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं, तेव्हा तू चित्र पाठवायच्या पाकिटात घालताना दोन रेषा जरा नीट केल्या होत्यास. फक्त दोन. पण मग ते बक्षीस माझं की त्या दोन रेषांचं? मला काय येतं आणि काय येत नाही, हे मला कधी कळूच शकलं नाही. सगळीकडे थोडा तू असायचास. आमच्या वयाची पोरं घरातून पळायला का बघतात, असं तू टीव्हीसमोर बसून विचारायचास ना? सगळ्यांचं मला माहीत नाही. मला फक्त बघायचं होतं की मी कुठे धडकते.

मला इथे एकटं वाटत नाही. रविवार सोडला तर.

ठकू


१२ मार्च

बाबा,

काल आईशी तासभर बोलले. तू बाहेर होतास म्हणून ती मोकळेपणाने बोलली. मी पुन्हा त्या पावडरीचा विषय काढला तशी म्हणाली, "अगं, त्याला ठाऊकच नसतं."

मग तिने सगळं सांगितलं. बसमध्ये बसलास की तू पुढच्या सीटखाली पाय दाबतोस आणि पुढचा माणूस मागे वळून बघतो. झोपेत दाबतोस, ते तिच्या नडगीवर बसतं. टीव्हीवर कुणी धावत रस्ता ओलांडायला लागलं की सोफ्यावर बसून दाबतोस. "आणि तू जिना उतरायला लागलीस की," ती म्हणाली, "पेपर वाचत बसलेला असला तरी त्याचा उजवा पाय खाली जातो. तू दीड वर्षाची होतीस तेव्हापासून बघतेय. त्यात बोलण्यासारखं काय होतं?"

म्हणजे तू खोटं बोलत नव्हतास. तुझी शप्पथ खरी होती. बुटाचा तळवा बघून तू गप्प झालास, ते चोरी पकडली म्हणून नाही, तुलाच धक्का बसला होता. आणि मी तुला सगळ्यांसमोर खोटारडा म्हणाले. फोन ठेवून मी खाली पिंजऱ्यांपाशी जाऊन बसले आणि एका म्हाताऱ्या कुत्र्याच्या मानेत तोंड खुपसून रडले. मला माफ कर, बाबा. तो शब्द मी परत घेते.

पण परत येत नाही. रागावू नकोस, नीट ऐक. तू मुद्दाम दाबत असतास ना, तर मी घरी राहून भांडले असते. चार वेळा पकडलं असतं, तू ओशाळला असतास, हळूहळू सोडलं असतंस. पण जे तुझं तुलाच माहीत नाही ते तू सोडणार कसं? तुझ्या पायाशी कोण भांडणार? त्याच्यापासून लांब जाणं एवढंच माझ्या हातात होतं. तू वाईट आहेस म्हणून मी नाही गेले. तू तसाच राहणार आणि मला तू तसाच आवडणार, आणि मग मी तिथे आयुष्यभर "छान हात बसलेली" राहिले असते.

आता दुसरी गोष्ट. आई हसत हसत सांगत होती की तू हल्ली शिकवताना बूट काढून सीटवर मांडी घालून बसतोस. "पोरगी म्हणते मी दाबतो, बघू आता कसा दाबला जातो" असं म्हणालास म्हणे. पोस्टातले काका विचारतात, "मास्तर, गाडी आहे की दिवाणखाना?" मी पण हसले. डोळ्यांसमोर आलास, मांडी घालून, गंभीर चेहरा करून.

पण बाबा, पाय खाली ठेव. मी माझ्यापुरतं म्हणाले होते. बाकीच्यांच्या वेळी खुशाल दाब. काकांना तर अजून डावं-उजवं कळत नाही.

ठकू


४ एप्रिल

बाबा,

तीन आठवड्यांत तू एकदाही फोनजवळ आला नाहीस. कधीही केला तरी आई म्हणते, "झोपलाय." सकाळी झोपलाय, भर दुपारी झोपलाय, क्लासच्या वेळेला झोपलाय. आईचा आवाजही बसलाय, विचारलं तर म्हणते सर्दी झालीय. तू तिला पढवून ठेवलंयस, मला कळत नाही का?

परीक्षा पंचवीस तारखेला आहे. तू यावंस असं वाटत होतं. आदल्या दिवशीच्या सरावाला तुला मागच्या सीटवर बसवणार होते. मास्तरीणबाईंना विचारून ठेवलं होतं, त्या म्हणाल्या, "बसू दे की, मागे ब्रेक नसतो." मी आता बरी चालवते. गेल्या आठवड्यात एक शेळी आडवी आली आणि मी वेळेत थांबले, माझी मी. हे तुला दाखवायचं होतं. दुसऱ्या कुणाला नाही.

पण तू राग धरून बसलायस. मी माफी मागितली, अजून काय नाक घासू? एवढी काय मोठी गोष्ट मागतेय मी? उठून चार पावलं चालत फोनपर्यंत यायला काय होतं तुला?

नको येऊस. राहा तिथेच.

ठकू


१० एप्रिल, बसस्टँड

बाबा,

हे पत्र पोचायच्या आधी मी पोचेन. पण बस सुटायला वेळ आहे आणि मला काय करावं ते सुचत नाहीये.

आज पोस्टातल्या काकांचा फोन आला. "पोरी, मला माफ कर" म्हणत होते आणि रडत होते. मी विचारलं, कशाबद्दल? त्यांना वाटत होतं मला माहीत आहे.

उतारावर त्यांनी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला. पुढे ट्रक उभा होता. त्यांना नुसतं खरचटलं. तू मांडी घालून बसला होतास. तुझ्या समोरचा सगळा भाग आत आला आणि गुडघे तिथेच होते. डावा वाचला. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

तेरा मार्च. मी पाय खाली ठेव म्हणून लिहिलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे ते पत्र तेव्हा वाटेत कुठेतरी पिशवीत पडलं होतं.

आईला मी फोनवर ओरडले. ती म्हणाली, "त्यानेच बजावलं होतं. म्हणाला, परीक्षा होऊ दे. आत्ता कळलं तर सगळं टाकून परत येईल."

बाबा, चार तारखेचं पत्र आईने तुला वाचून दाखवलं का? चार पावलं, असं लिहिलंय मी त्यात. नसेल वाचलं तर वाचू नका. फाडून टाका. मला माहीत नव्हतं. मला खरंच माहीत नव्हतं.

बस लागली.


२८ एप्रिल

बाबा,

मी पास झाले. हे आधी सांगून टाकते, कारण तू बाकीचं नंतर ऐकशील. परीक्षकांनी उतरताना फक्त "ठीक" म्हटलं. मी उतरले तशी मास्तरीणबाईंनी अर्धं केळं हातात दिलं. डॉक्टरीणबाईंनी गाडीची किल्ली हातात ठेवली. म्हणजे मी आता इथेच राहणार.

तिथे आठवडाभर होते, पण जे बोलायचं होतं त्यातलं काहीच बोलून झालं नाही. तू खिडकीकडच्या पलंगावर होतास. एका बाजूला पांघरूण सपाट होतं, आणि मी ठरवून तुझ्या तोंडाकडे बघत होते. तू पहिलं वाक्य काय बोललास? "शेगडी बदललीस का?" मी रडायला लागले आणि तू आईला म्हणालास, "हिला पाणी दे."

मी येतानाच ठरवलं होतं. आता जायचं नाही. स्कूलचं बघायचं, तुला उठवायचं-बसवायचं, आईच्या हाताखाली राहायचं. तसं मी निघायच्या दिवशी सकाळी बोलून दाखवलं. आईचा चेहरा एकदम उजळला, ते तूही पाहिलंस. तिने हातातली माझी बॅग परत खाली ठेवली.

तू म्हणालास, "कशाला?"

मी म्हणाले, "कशाला म्हणजे? तुला कोण आहे?"

मग तू आईला बाहेर जायला सांगितलंस आणि मला जवळ बसवलंस. म्हणालास, "हे बघ. तो अजून दाबतो. नाहीये तरी दाबतो. डॉक्टर म्हणतात, होतं असं काही दिवस. मघाशी तू जिना उतरत होतीस ना, तेव्हाही दाबला. चांगला टाचेपासून जोर लागला. पण आता दाबला तरी काही थांबत नाही, ठकू. तेवढ्यात जा."

मला हे आयुष्यभर ऐकायचं होतं, बाबा. "जा" हा एक शब्द. दोनदा नापास झाले तेव्हा, सहलीच्या वेळी, बॅग भरताना, मी त्याचीच वाट बघत होते. आणि तू तो म्हणालास तेव्हा मला तो नको होता. मला तुझा पाय हवा होता. मी वर्षानुवर्षं त्याच ब्रेकशेजारी बसून राहिले असते, खरंच सांगते, कुठेही गेले नसते.

मी हलेना, तेव्हा तू दुसरं बोललास. "आणि त्या मांडीचं मनाला लावून घेऊ नकोस. माझी कंबर दुखत होती. पाय वर घेतले की बरं वाटायचं, म्हणून बसायचो तसा. तुझ्या बोलण्याचा काही संबंध नाही."

आई दारात आली होती, ती चटकन वळून स्वयंपाकघरात गेली.

बाबा, तुझी कंबर कधीच दुखली नाही. येईल त्याला तूच ऐकवायचास, एवढी वर्षं सीटवर बसून काढली पण कंबरेने ब्र काढला नाही म्हणून. पावडरीच्या दिवशी तू खरं बोलत होतास तेव्हा मी तुला खोटारडा म्हणाले. आणि त्या सकाळी तू माझ्या डोळ्यांत बघून, आवाज जरासुद्धा न हलवता खोटं बोललास. मी काय म्हणाले आठवतंय? म्हणाले, "हो का? मग तेव्हाच सांगायचं ना." आणि बॅग उचलली.

इथे येऊन पिंजरे धुतले, सराव केला, परीक्षा दिली. लोक अभिनंदन करतात तेव्हा मी हसते. गाडीत एकटी असले की सिग्नलला थांबून रडते, मागचे हॉर्न वाजवतात आणि मग पुढे जाते. हे आईला वाचून दाखवू देऊ नकोस. चष्मा डोक्यावरून खाली घे आणि तुझं तू वाच.

महिन्यातून एकदा येत जाईन. राहायला नाही, भेटायला. तू सांगितलंस म्हणून.

सोबत एक रबरी पिशवी पाठवतेय, गरम पाणी भरून शेकायची. कंबरेला लावत जा, दिवसातून दोनदा तरी. दुखणं अंगावर काढू नकोस. आईला सांग, पाणी फार कढत घालू नको, आधी हाताला लावून बघ.

तुझी,
ठकू